कोल्हापूरचें उद्यमनगर : एका जुन्या इंजिनाच्या निमित्तानें

कोंकणांतून घाट चढून कोल्हापुरास जाणारा मनुष्य बहुधा तीन कारणांसाठीं जातो : श्रीअंबाबाईचें दर्शन, मोठ्या डॉक्टरची गांठ, अथवा मुलांच्या शिक्षणाची सोय. यंदाच्या कार्तिकांत मला तेथें जावें लागलें, तें या तिहींपैकीं एकाहि कारणासाठीं नव्हे. तर एक जुनी फटफटी टेम्पोंत घालून, तिच्या इंजिनास विश्वासू मेस्त्री शोधण्यासाठीं. ज्याचें आयुष्य मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत गेलें, त्यानें लोखंड आणि तेल या विषयावर लेखणी चालवावी, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु त्या निमित्तानें यात्रेकरूंच्या दृष्टीस सहसा न पडणारा त्या शहराचा एक भाग चार दिवस जवळून पाहावयास मिळाला, आणि तो वाचकांपुढें ठेवण्यासारखा आहे असें वाटलें.

ही फटफटी माझ्या थोरल्या बंधूंची. ते कृषिखात्यांत नोकरीस होते, आणि १९७८ सालीं त्यांनीं ही बुलेट घेतली. त्या काळीं आमच्या तालुक्यांत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. तेव्हां पावसाळ्यांत गांवोगांवच्या शेतांवर जाण्यास दादांना दुसरें साधन नव्हतें. या गाडीचा पूर्वेतिहास थोडक्यांत असा कीं, इंग्लंडांतील रेडिच येथील कारखान्यानें बुलेट हें नांव प्रथम १९३२ सालीं वापरलें. पुढें १९५५ सालीं मद्रासेस त्या कंपनीच्या सहकार्यानें हिंदी कारखाना निघाला, आणि मद्रासेजवळच्या तिरुवोत्तियूर येथें गाड्या बनूं लागल्या. मूळचा इंग्रजी कारखाना बंद पडला, पण इकडचा चालूच राहिला, आणि तें जुन्या घडणीचें इंजिन २०१० च्या सुमारापर्यंत येथें तयार होत असे. मुलानें बापाचा व्यवसाय बापाच्या पश्चात् चालवावा, त्यांतलाच हा प्रकार.

इंजिन साधेंच. एकच बिडाचा सिलिंडर, त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ९० मिलिमीटर. क्षमता ३४६ घन सेंटीमीटर, म्हणून लोक त्यास 'साडेतीनशें' म्हणतात. व्यासापेक्षां पल्ला मोठा असल्यामुळें त्याची चाल संथ, आणि आवाजहि असा कीं, प्रत्येक ठोका निराळा मोजतां यावा. गिअर उजव्या पायास, ब्रेक डाव्या पायास. किक मारण्याचा विधीहि ठराविक आहे : ॲमीटरचा कांटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच दाबावयाची, मग हँडलजवळची लहान दांडी ओढून सिलिंडरांतील दाब सोडावयाचा, किक किंचित् पुढें सरकवावयाची, आणि तदनंतर पूर्ण लाथ. हा क्रम चुकला तर किक उलटते आणि पोटरीस चांगलाच प्रसाद मिळतो. दादांनीं हा विधि घरांतील सर्वांस शिकविला होता. वहिनींना गाडी चालवितां येत नसे, तरी क्रम तोंडपाठ होता.

दादा २०२१ सालीं गेले. गाडी पडवींत उभी राहिली. पुतण्या पुण्यास संगणकाच्या नोकरींत. त्याचें म्हणणें असें कीं, अशा जुन्या गाड्यांना आतां हौशी गिऱ्हाईक आहे, तर विकून टाकावी. गोव्याचा एक मनुष्य पाहूनहि गेला होता. शिवाय नोंदणीची मुदत संपत आलेली. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पांच पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, आणि त्यासाठीं गाडी चालत्या स्थितींत निरीक्षकापुढें उभी करावी लागते. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, विकायची तर विका. पण बंद पडलेली विकूं नका. ती चालत या घरीं आली होती, चालतच जाऊं दे." यावर कोणाचें कांहीं बोलणें चाललें नाहीं.

पुतण्यानें आधीं ती एका मोठ्या शहरांतील दुकानांत दिली होती. दुकानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दुकान झकपक, भिंतींवर चित्रें, बसावयास कोच. गाडी चार महिने तेथें राहिली. शेवटीं ३१,००० रुपयांचें बिल आलें, त्यांत तपशील काय, तर 'इंजिनकाम' हा एक शब्द. नवा पिस्टन घातला, सिलिंडर रिबोअर केला असें तोंडी सांगितलें. गाडी घरीं आली, आणि साठेक किलोमीटर चालली असेल नसेल, तोंच इंजिनाच्या तळाशीं पूर्वीचाच ठोका सुरू झाला. काढलेले जुने भाग पाहावयास मागितले, तर ते "भंगारांत गेले" असें उत्तर. पुतण्याचा मेस्त्री या जातीवरचा विश्वासच उडाला, आणि 'आहे तशी विकूं' हें पालुपद पुन्हा चालू झालें.

माझा स्वतःचा विचार निराळा होता. चरकसंहितेंत वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचें निर्मळ ज्ञान, कर्म पुष्कळ वेळां प्रत्यक्ष पाहिलेलें असणें, हाताची दक्षता, आणि शुचिता. यंत्राच्या वैद्यासहि हीच कसोटी लावावी असें मला वाटे. झकपक दुकान पहिल्या गुणाची जाहिरात करूं शकतें. दुसरा गुण मात्र जेथें रोगी पुष्कळ तेथेंच उत्पन्न होतो. आणि जुन्या इंजिनांचे रोगी दक्षिण महाराष्ट्रांत सर्वांत अधिक कोठें जमत असतील, तर तें कोल्हापुरास. म्हणून मीं वहिनींच्या बाजूनें मत दिलें, आणि पुतण्यानें नाखुषीनें चार दिवसांची रजा काढली.

कणकवलीहून फोंडाघाटानें कोल्हापूर शंभर-सवाशें किलोमीटर पडतें. पहांटे निघालों. घाट चढून दाजीपुरास आलें कीं हवा एकदम पालटते. गव्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें अरण्य याच भागांत. पुढें राधानगरीचें धरण. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत आरंभलेलें हें काम स्वातंत्र्यानंतर पुरें झालें. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत : पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं पाण्याच्याच भारानें दार उघडतें, आणि उतरलें कीं आपोआप मिटतें. टेम्पोवाला म्हणाला, "हितं वीज लागत न्हाई, माणूस लागत न्हाई." यंत्राच्या शोधांत निघालेल्या मनुष्यास हा शकुन बरा वाटला. तेथून भोगावतीच्या कांठाकांठानें जो ऊंस सुरू होतो, तो शहर येईपर्यंत संपतच नाहीं. गुऱ्हाळें नुकतींच लागलेलीं. रस्ताभर काहिलींतल्या रसाचा वास.

हा ऊंसच उद्यमनगराचें मूळ आहे, हें मला मागाहून कळलें. ऊंसाला पाणी हवें. विहिरींतून व नदींतून पाणी उपसावयास वीज येण्यापूर्वीं तेलावर चालणारीं इंजिनें आलीं. ऐन उन्हाळ्यांत इंजिनाचा एखादा भाग मोडला, तर मुंबईहून नवा येईपर्यंत पीक कसें थांबणार? म्हणून लोहार-सुतारांच्या हुषार मुलांनीं तो भाग येथेंच ओतावयास व कांतावयास आरंभ केला. दुरुस्ती करतां करतां अख्खें इंजिनच बनवूं लागले. या प्रांतांत ही परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनींहि १८८८ सालीं बेळगांवांत आरंभ केला तो सायकलींच्या दुकानानें, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. कोल्हापुरांत मोठे कारखाने पुढें शिरोली व गोकुळ शिरगांव येथील वसाहतींत गेले. परंतु शहराच्या पोटांतलें शिवाजी उद्यमनगर अद्याप लहान कारागिराचें राहिलें आहे.

तेथें प्रथम पाऊल टाकतांच कानांस कांहीं सुचेनासें होतें. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंस दहा-बारा फूट रुंदीचीं दुकानें, प्रत्येकाचें दार सताड उघडें, आणि आंत एक लेथ फिरत असलेला. उंबऱ्यावर लोखंडाचा कुरळा कीस पडलेला. अनवाणी चालण्याची सोय नाहीं. ओतकामाच्या भट्टीचा, जळक्या तेलाचा आणि शेजारच्या हॉटेलांतील कटाचा असा तिहेरी वास. विशेष मौजेची गोष्ट ही कीं, एका दुकानांत एकच काम. एकजण केवळ सिलिंडर बोअर करतो. दुसरा केवळ क्रँक दाबून बसवितो. तिसरा ॲल्युमिनियमची तडकलेली चेंबर सांधतो. चौथा गिअरचे दांत पाडतो. व्याकरणशाळेंत एका पंतोजीनें फक्त संधि सोडवावा, दुसऱ्यानें फक्त समास, आणि विद्यार्थ्यानें पाटी घेऊन दारोदार फिरावें, तसा हा प्रकार. मेस्त्री म्हणजे जो हीं सर्व दारें ओळखतो तो. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. मूळ अर्थ 'गुरु' किंवा 'उस्ताद'. म्हणजे धंदा निराळा असला तरी बिरुद आम्हां शिक्षकांचेंच.

पहिला मेस्त्री भेटला तो फार घाईंत होता. त्यानें इंजिन चालू करूं दिलें नाहीं, टाकीवर हात थोपटून म्हणाला, "फुल्ल काम. चाळीस हजार." कशाचें, तें विचारण्याआधींच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्यानें आणखी एक सुचविलें : खालचें चेंबर झिजलें असेल तर दुसऱ्या गाडीचें बसवून देईन. या सूचनेंत किती धोका आहे तें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. इंजिनाचा क्रमांक त्या चेंबरवरच कोरलेला असतो. चेंबर बदलल्यास कागदोपत्रीं गाडी दुसऱ्याची ठरते, आणि नोंदणीच्या वेळीं मालक उघडा पडतो. दुसरा मेस्त्री तरुण, सभ्य. त्यानें इंजिन पाहिलें आणि स्वच्छ सांगितलें, "सर, मी नवीन गाड्यांची कामं करतो. ह्याला जुना माणूस पायजे." आणि स्वतः चार गल्ल्या चालत आम्हांस पोंचवून गेला. त्याचा यांत दमडीचा लाभ नव्हता. त्या दिवसांत भेटलेल्या सर्वांत मला हा पोरगा विशेष आठवतो.

तिसरे मेस्त्री साठीच्या आसपासचे, माझ्याच वयाचे. बाराव्या वर्षीं तेलाच्या इंजिनांच्या कारखान्यांत पोऱ्या म्हणून लागलेले. दुकानास पाटी नाहीं. पाने मात्र भिंतीवर मापाच्या क्रमानें टांगलेले, आणि प्रत्येकामागें त्याची आकृति रंगानें काढलेली, म्हणजे कोणता जागेवर नाहीं तें दुरून दिसावें. चरकाचा चौथा गुण मला येथें प्रथम दिसला. त्यांनीं किंमत सांगितली नाहीं. "चालू करा" म्हणाले. पुतण्यानें किक मारली. मेस्त्रींनीं एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचें टोंक इंजिनास लाविलें, मूठ कानाच्या मागच्या हाडास टेकविली, आणि डोळे मिटून ऐकत राहिले. वर टॅपेटपाशीं, मग सिलिंडरास, मग तळाशीं. दोन-तीन मिनिटें झालीं. कोणी कांहीं बोललें नाहीं.

"गुरुजी, दुखणं खाली हाय. वरती औषध केलंय."

मग त्यांनीं इंजिनांतलें तेल एका पांढऱ्या इनॅमलच्या थाळींत काढलें आणि थाळी उन्हांत तिरपी धरली. काळ्या तेलांत सोनेरी बारीक कण चमकत होते. तें क्रँकपिनीवरच्या बुशाचें झिजलेलें धातु. आतां हें बुश इतक्या लौकर कां झिजावें? या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं उजवीकडचें झांकण उघडून प्रत्यक्ष दाखविलें, आणि मला तें समजलें तसें सांगतों. इंजिनाच्या पोटांत तेलाचे दोन पंप असतात. एक तेल पाठवितो, एक परत आणतो. पाठविलेलें तेल झांकणांतल्या वाटेनें येऊन फिरत्या क्रँकच्या टोंकांतून आंत शिरतें आणि थेट त्या बुशास पोंचतें. झांकण स्थिर, क्रँक फिरता; त्या दोहोंच्या सांध्यावर बुचाची एक चकती बसविलेली असते. तीच चकती चिरडून तिचा एक तुकडा उडालेला होता. मग पंपानें पाठविलेलें तेल बुशास पोंचण्याऐवजीं सांध्यांतूनच गळून खालीं परत जात असे. बुश उपाशी. पिस्टन सोन्याचा घातला असता तरी ठोका राहिलाच असता. चकतीची किंमत एका जेवणाहूनहि कमी.

येथें पुतण्यानें, साहजिकच, पूर्वीच्या दुकानास शिव्या मोजावयास आरंभ केला. मेस्त्रींनीं त्यास थांबविलें. सिलिंडर काढून, आंतून मापून, नवा पिस्टन हातांत फिरवून पाहिला, आणि म्हणाले, "बोअर चांगला केलाय. फट बरोबर हाय. ते काम वाईट न्हाई, ते तसंच ठेवूया." मला वाटतें, त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो या वाक्यानें. दुसऱ्याचें काम सरसकट वाईट ठरवून नव्यानें सगळें करावयास घेणें, यांत त्यांचा फायदा होता. उत्तरपत्रिका तपासतांना चुकलेल्या गणिताच्या बरोबर पायऱ्यांना गुण देणारा परीक्षक जसा विरळा, तसाच हा मनुष्य.

त्यानंतर एका वहींत त्यांनीं यादी केली : क्रँकपिन व बुश नवें, बुचाची चकती, तेलाची गाळणी, सर्व गॅस्केटें, क्रँक दाबून सरळ करण्याची मजुरी, आणि शेवटीं स्वतःची मजुरी. प्रत्येकापुढें आंकडा. मालाचे पैसे आम्हीं दुकानांत स्वतः द्यावे, पावती आमच्या नांवें घ्यावी. पुतण्यानें भीत भीत विचारलें, प्रत्येक भागाचा फोटो काढला तर चालेल काय? "काढा की. मलाबी पाठवा, पोरास्नी शिकवायला हुतील."

एक प्रश्न राहिला होता. कित्येक मालक या ठिकाणीं बुशाऐवजीं रोलर बसवून घेतात. मेस्त्रींनीं उलट विचारलें, गाडी कोण, कोठें, किती वेगानें चालविणार? हमरस्त्यावर दिवसभर पळवावयाची असेल तर रोलर. गांवांत सावकाश फिरावयाची असेल आणि तेल वेळच्या वेळीं बदलणार असाल, तर मूळचें बुशच बरें, आवाजहि मूळचा राहील. पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें. 'विकणार आहों' असें तो म्हणाला नाहीं. "बुशच ठेवा" म्हणाला.

पुढचे तीन दिवस आमचे गल्ल्यांतून फिरण्यांत गेले. क्रँक दाबणाऱ्याकडे मीं तासभर स्टुलावर बसलों होतों. दोन जड चक्रें पिनीनें जोडून, दोन टोंकांमध्यें धरून तो तीं फिरवी आणि डायलचा कांटा पाही. कांटा थरथरला कीं शिशाच्या हातोड्यानें एका चक्रास हलकेच ठोका. पुन्हा फिरवी. पुन्हा ठोका. आम्हांस कांटा स्थिर दिसूं लागल्यावरहि त्याचें समाधान होईना. दुपारीं कामगार मंडळी डबे उघडत. भाकरी, पिठलें, कांदा. आणि "गुरुजी, या" असा आग्रह प्रत्येक दारांतून. मुक्काम माझ्या मेहुण्यांकडे होता, तेथें जेवण तयार असे. तरी दुसऱ्या दिवसापासून मीं दुपारचा चहा उद्यमनगरांतच घेऊं लागलों.

चौथ्या दिवशीं चार वाजतां इंजिन पुन्हा चौकटींत बसलें. मेस्त्रींनीं नवें तेल घातलें, सुमारें दोन लिटर, आणि पुतण्यास बोलाविलें. तत्पूर्वीं त्यानें वहिनींना दूरध्वनि लावून यंत्र माझ्या हातांत दिलें होतें. पलीकडून वहिनींचा आवाज आला, "कांटा मध्यावर आला का बघायला सांगा त्याला. घाई करील तो." त्यानें कांटा पाहिला, दांडी ओढली, आणि तिसऱ्या लाथेला इंजिन लागलें. ठोका नव्हता. मीं दूरध्वनि धुराड्याजवळ धरला. पुष्कळ वेळ पलीकडून कांहीं शब्द आला नाहीं; मग "असूं दे चालू थोडी" एवढेंच ऐकूं आलें.

सर्व मिळून १४,८०० रुपये झाले, यादींत लिहिले होते त्याहून दोनशें कमी. काढलेले जुने भाग मेस्त्रींनीं एका पत्र्याच्या डब्यांत घालून दिले. चिरडलेली बुचाची चकतीहि त्यांत आहे. सूचना अशी कीं, पहिले ५०० किलोमीटर पन्नासाच्या वर वेग न्यावयाचा नाहीं, चढावर इंजिन दमवावयाचें नाहीं, आणि मग सर्व तेल बदलून, गाळणी उघडून त्यांस दाखवावयाची.

नोंदणीचें काम मार्गशीर्षांत झालें. गोव्याच्या गिऱ्हाइकाचा दोनदां निरोप येऊन गेला, त्यास पुतण्यानें अद्याप उत्तर दिलेलें नाहीं. तो महिन्यांतून एकदां पुण्याहून येतो आणि वहिनींना मागें बसवून तळ्यापर्यंत जाऊन येतो. आजवर ४१० किलोमीटर झाले आहेत. संक्रांतीनंतर गाडी पुन्हा कोल्हापुरास न्यावयाची, आणि येतांना कोकमाचें आगळ दोन बाटल्या आणावें, असा मेस्त्रींच्या घरून निरोप आहे.